धोंड्याचं वाण आणि दोन तिकिटं

मी एक जुना पितळी डबा आहे. मुळशीतल्या उरवड्यात, सगुणाबाईंच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. पुण्यातल्या तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हा तुमचे आजोबा चड्डीत फिरत होते.

माझं काम एकच. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तेव्हा तेहतीस अनारसे पोटात घेऊन मी जावयापुढे जायचो. "डबा कसा लखलखतोय!" असं पाहुणे म्हणायचे. मधल्या काळात मला कुणी विचारत नसे. अलीकडे तर माझ्यात गंजके खिळे ठेवले होते. तो अपमान मी गिळला.

सगुणाबाईंची लेक शुभांगी, जावई शैलेशराव यांच्याबरोबर अमेरिकेत राहते. हिंजवडीतल्या कंपनीने त्यांना तिकडे धाडलं. मुलगा राजू इथल्या कारखान्यातून जर्मनीला गेला. चार वर्षांत आई-लेकीची गाठ पडली नव्हती. आठवड्याच्या रजेत मुळशी गाठणं शुभांगीला जमेना. म्हणून यंदा ठरलं, की आईने राजूकडे जायचं, लेक-जावयाने जूनमध्ये तिथेच यायचं आणि वाणही तिथेच द्यायचं.

खिळे काढून मला घासलं. घरच्या आंबेमोहोराचे अनारसे भरले. या वयात मी विमानात बसलो!

जर्मनीत पोचल्यावर कळलं, लेक-जावयाची तिकिटं काढलीच नव्हती. शैलेशराव मार्चपासून "भाव उतरेल" म्हणत थांबले होते. उन्हाळा लागला, सगळी अमेरिका युरोप बघायला निघाली आणि भाव दुप्पट झाला. शुभांगीने फोन केला, "आई, दोघांचं न्हाई जमत. मी एकटीच येते."

"जावयाबिगर?" सगुणाबाई म्हणाल्या. "धोंड्याचा महिना हाय, बाई. मान जावयाचा असतोय. आलीस तर जोडीनं ये, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

"अगं आये, येऊ दे की तिला," राजू कळवळून म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. असं ठणकावलं की दोघंही येतील, असं त्यांना वाटलं.

मला स्वतःचीच चीड आली. माझ्या पोटातल्या वाणापायी एक आई पोटच्या लेकीला नको म्हणत होती.

पाच दिवसांनी सगुणाबाईंनीच फोन लावला. "शुभे, एकलीच ये. मान-बिन गेला खड्ड्यात." पण तोवर एका तिकिटाला आधीच्या दोन तिकिटांएवढे पैसे पडत होते. शुभांगी फोनवर खूप रडली. महिना संपला. अनारसे राजूच्या घरमालकिणीने कॉफीबरोबर खाल्ले आणि बिस्किटं छान आहेत म्हणाली.

ऑगस्टमध्ये व्हिसा संपला आणि आम्ही उरवड्याला परतलो. मग ऑक्टोबरात शुभांगीचा फोन आला.

"आई, जर्मनीचं तिकीट आज निम्म्यावर आलंय."

"आता भाव उतरून काय उपेग? मी हितं आले न्हवं?" सगुणाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्यांना जपा, न जपा, मला आता त्याचं काही नाही. पण दूरची लेक एकटी येते म्हणाली, तर जोडीने का नाही, हे विचारत बसू नका. 'ये' म्हणा, आणि लगेच म्हणा. सगुणाबाई पाच दिवस उशिरा म्हणाल्या.