हुकमी हशा

बारक्याला आता हसवायचा कंटाळा आला होता. खोटं कशाला बोला, पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यातलाच हाही एक प्रकार. मालिकेत तो वेंधळा वॉचमन, सिनेमात नायकाचा मित्र, तोही मध्यंतरापर्यंतच. उरलेल्या दिवशी माइक धरून एकट्यानं लोकांना हसवायचं. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी लोकांच्या लेखी तो बारक्याच राहिला.

आणि सगळी मदार कुणावर? थोरल्या भावावर. दादा घराला कुलूप लावून निघतो, कोपऱ्यावरून परत येतो, कुलूप ओढून बघतो. पुन्हा निघतो, पुन्हा येतो. शेवटी वहिनी खिडकीतून म्हणते, "अहो, मी घरातच आहे." बारक्यानं हे करून दाखवलं की मढंसुद्धा हसेल. त्यापायी ऑफिसात दादाचा कुलूपदादा झाला. दादानं कधी चकार शब्द काढला नाही.

निवृत्तीच्या दिवशी मात्र काढला. ऑफिसच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. आधी बारक्याचा कार्यक्रम, मग दादाचं भाषण, असं साहेबांनी ठरवलं होतं.

"आजच्या दिवस मला सोड रे," जिना चढताना दादा म्हणाला. "मला चार शब्द बोलायचेत. पाठ केलेत. इथं माझं कधी कुणी ऐकून घेतलं नाही, आज ऐकू देत."

"सोडला, दादा. शब्द देतो."

आता त्या हॉलची काय कथा सांगावी! जेवणं झालेली, पंखे रडतखडत फिरणारे, आणि साहेबांचं भाषण मारुतीच्या शेपटासारखं लांबलेलं. बारक्यानं डॉक्टरचा किस्सा सांगितला, पडला. सासऱ्याचा सांगितला, तोही पडला. पहिल्या रांगेतल्या टायपिस्टबाईंनी तोंडावर हात न धरता जांभई दिली. या धंद्यातल्या माणसाला एक वाईट खोड असते. समोरचे गार पडले की डोकं राहतं बाजूला आणि जीभ धावते हुकमी हशाकडे.

"बरं, आज आमच्या घराला कुलूप कुणी लावलं?"

बोलून गेला बिचारा. हॉल असा हसला की पंख्यांचा आवाज बुडाला. तिथं थांबता आलं असतं, पण इतक्या दुष्काळानंतर थांबतोय कोण? कोपरा झाला, कुलूप झालं, खिडकीतली वहिनीही झाली. घाम पुसत तो पडद्यामागे गेला, तेव्हा कुठं दिलेला शब्द आठवला.

दादा माइकपाशी आला. "मित्रहो," म्हणाला, लोक हसले. "मी इथं लागलो तेव्हा," म्हणाला, आणखी हसले. "दादा, दार लावलंत का?" मागून कुणीतरी विचारलं. दादा थांबायचा, हशा ओसरू द्यायचा, पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हणायचा. त्यात काहीच विनोदी नव्हतं.

"आमची आई गेली, तेव्हा हा एवढासा होता," दादानं गुडघ्याजवळ हात धरून दाखवलं. "मी शाळा सोडून इथं चिकटलो, ते याला..."

पुढचं हशात गेलं. दादाचे ओठ हलत राहिले. बारक्यानं कान टवकारले, पण एक अक्षर कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हसणाऱ्या लोकांचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली.

हार-तुरे झाल्यावर दोघं जिना उतरले.

"दादा, मी शब्द मोडला. शेवटी काय म्हणालास, ते ऐकूच आलं नाही. सांग ना."

"जाऊ दे रे, आता काय त्याचं?" दादानं हातातला हार दुसऱ्या हातात घेतला. "पण तुझे ते दोन किस्से पडले ना, तेव्हा मला घाम फुटला होता. म्हटलं, पोराची आज फजिती होतेय. तू माझं काढलंस, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला."