उघड्या टपाची गाडी

माझ्या बायकोला गाडी लागती. एवढं सांगितलं की समोरचा माणूस लगेच डॉक्टर होतो. लिंबू हुंगायला द्या, आल्याची वडी द्या, पुढच्या सीटवर बसवा. आरं बाबांनो, सगळं करून बसलोय मी. बनूच्या डोक्यावर पत्रा आला आन् खाली चाकं फिरली की संपलं. काच उघडी ठेवा न्हाईतर मिटा, ती ओकतच ऱ्हाती. हीच बाई ट्रॅक्टरच्या मोकळ्या ट्रॉलीत बसून जत्रंला खुशाल जाऊन यायची.

मी फौजेत हवालदार होतो. पठाणकोटला फॅमिली क्वार्टर मिळालं तवा मी दाराला निळा रंग दिला, पडदं शिवून घेतलं, डालड्याच्या डब्यात तुळस लावली, आन् सगळं बनूला पत्रात कळवलं. बनू मिरजेला रेल्वेत बसली खरी, पण सातारा येईस्तोवर तिची दशा बघून सोबतच्या मेव्हण्यानं तिथंच उतरवलं आन् कुणाची तरी मोटरसायकल मागून घरी आणलं. काही दिवसांनी मी क्वार्टरची किल्ली परत दिली. पुढं कुणी ‘वहिनींना आणत का न्हाई’ विचारलं की माझं डोकं फिरायचं.

पेन्शनीत आल्यावर तिला मोटरसायकलवर फिरवली. गेल्या साली तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं आन् डॉक्टरनं मोटरसायकलबी बंद केली, ट्रॉलीबी.

आन् त्यातच फलटणहून फोन आला. आमच्या सृष्टीला लग्नानंतर लय वर्षांनी मुलगी झाली. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरात, आमच्या कडेगावला व्हायचं, पण डॉक्टरनं तिला हलू दिलं न्हाई. त्यामुळं बारसंबी सासरीच. सृष्टी फोनवर म्हणली, “आई, पाळणा तूच आणायचास. तू आल्याबिगर मी पोरीला पाळण्यात घालायची न्हाई.” बनू व्हय म्हणली आन् फोन ठेवून चुलीपुढं रडत बसली. मला म्हणली, “आवं, तुमीच जावा.”

त्याच आठवड्यात मी हळद घेऊन सांगलीला गेलो. आमचे अडत्ये अण्णा, त्यांच्या वखारीत ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. दोन दारांची, परदेशी कंपनीची, जुनी. त्यांचा पोरगा शौनक परदेशात गेल्यापासून नुसती पडून. अण्णांनी हौसेनं बटण दाबलं. पत्र्याचा आख्खा टप वर उचलला, मधोमध दुमडला आन् मागं डिकीत जाऊन बसला. वर मोकळं आभाळ. मी बघतच ऱ्हायलो.

“शौकीन दिसता, हवालदार,” अण्णा म्हणाले.

“शौक न्हाई अण्णा,” मी म्हणलं, “औषध हाय.”

तिथंच व्यवहार ठरला. निघताना अण्णा म्हणाले, डिकी रिकामी ठेवा बरं का, टपाला जागा लागते. मी मान हलवली. ऐकलं असंल, ध्यानात न्हाई घेतलं.

गावात लय चेष्टा झाली. शेजारचा दादासो म्हणला, “लालासाहेब, पावसात छत्री धरायला माणूस ठिवलाय का?” ठिवीन म्हणलं, तुलाच. बनूला कॅनॉलपर्यंत नेऊन आणली. ती नीट बसली, नीट उतरली, आन् घरात जाऊन बारशाचं लाडू वळायला लागली.

बारशाच्या सकाळी बायकांनी डिकी ठासून भरली. सुटा केलेला लाकडी पाळणा, बाळंतविडा, लाडवांचं डबं, गुळाची ढेप. मी ऐटीत बटण दाबलं. गाडी नुसती टिवटिव करायला लागली, टप काय हलंना. तवा अण्णा आठवले.

मी भडकलो. “काढा सगळं खाली. पाळणा मागनं पाठवू.”

“माहेरचा पाळणा आईनं आपल्या हातानं न्यायचा असतो,” बनू म्हणली. “तो मागनं आला तर मी पुढं जाऊन काय करू?” आन् ती गाडीत बसली, दार ओढून घेतलं. “ऱ्हाऊ द्या टप. चला.”

“आगं, मोगराळं घाट हाय मधी.”

“ओकीन. पोरीसाठी ओकीन.”

माझ्या तोंडातनं निघून गेलं, “माझ्यासाठी न्हाई ओकलीस कवा.”

दादासो दुसरीकडं बघायला लागला. मला आतनं लय लागलं होतं, इतकी वर्षं लागलेलंच होतं, आन् ते असं चारचौघांत सांडलं याची लाजबी वाटली. मग एकेक जिन्नस मीच काढला. मागच्या चिमुकल्या सीटवर पाळणा उभा केला, दोरीनं आवळला, ढेप खाली सरकवली. डबं बनूनं मांडीवर घेतलं. बटण दाबलं, टप उघडला.

दहिवडीत लोक थांबून बघत होती. आभाळात पाय करून पाळणा, पदर डोक्यावर घट्ट धरलेली बाई आन् मिशाळ म्हातारा. बघू द्या. घाट उतरलो तरी बनूनं पिशवी मागितली न्हाई. फलटणात तिनं पोरीला आपल्या हातानं पाळण्यात घातलं, आत्यानं कानात नाव सांगितलं. सृष्टी आईच्या गळ्यात पडली. मी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होतो. पोट भरलं माझं.

परतताना डिकी रिकामी होती, मांडीबी. बनू मागं पळणाऱ्या झाडांकडं बघत होती. मला वाटलं, सकाळचं डोक्यात असंल.

“पठाणकोट किती लांब असतंय?” तिनं विचारलं.

“लय लांब. चार दिवस तरी लागतील.”

“ते क्वार्टर अजून असंल का हो?”

“असंल की. दुसरं कुणी ऱ्हात असंल.”

“आत न्हाई जायचं. रस्त्यावरनंच बघू,” ती म्हणली. “निळं दार तेवढं बघायचंय मला.”

मी गाडी बाजूला घेतली आन् डोळ्यात धूळ गेली म्हणलं. टप उघडाच होता, म्हणून तिला खरं वाटलं असंल.