चौथ्या फ्रेटवर राहिलेला कॅपो

मित्रांनो, माझं नाव तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकलेलंही नसेल. मी कॅपो. जुना, गंजलेला आणि मुळात स्वस्तातला. गिटारच्या मानेवर मी चिमट्यासारखा बसतो आणि सहाही तारा एकदम दाबून धरतो. तारा दाबल्या की त्यांचा आवाज वर चढतो, आणि ज्याचा गळा उंच आहे त्याला बोटांची ठेवण न बदलता आपल्या पट्टीत गाता येतं. एवढंच माझं काम. दिसायला मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोरला भाऊ. आता माझा काळा रंग उडाला आहे, स्प्रिंगला गंज चढला आहे आणि तोंडातलं रबर दगड झालं आहे. त्या रबरावर सहा खोल खाचा आहेत. त्या कशा पडल्या, ते आज सांगतो. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्या खेपेच्या स्प्रिंगा जरा जास्तच ताठ निघाल्या होत्या. माल तपासणाऱ्या बाईंनी मला दोनदा दाबून पाहिलं, "हा मेला बोट तोडेल कुणाचं तरी," असं म्हणाल्या आणि तरीही पुढे सरकवलं. तिथून मी वाद्यांच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन पडलो. माझ्या शेजारी मखमली डबीत एक महागडा कॅपो होता. त्याला मागे छोटा स्क्रू होता, तो फिरवून दाब कमी-जास्त करता यायचा. त्याचा तोरा काय वर्णावा! त्याच्या किमतीत माझ्यासारखे आठ आले असते, आणि हे तो दिवसातून आठ वेळा ऐकवायचा.

एके दिवशी दुकानात एक गृहस्थ आले. नखांत ग्रीस, खिशाला टेस्टर. लिफ्ट दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा. लेकीसाठी चांगला कॅपो हवा होता.

"गिटार आणलीत का बरोबर?" दुकानदारानं विचारलं. "लावून बघितलेलं बरं असतं."

"छे, तिला न सांगता न्यायचाय. तिचा चेहरा बघायचाय मला."

दुकानदारानं आम्हा सगळ्यांना काउंटरवर मांडलं. गृहस्थांनी एकेकाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. मला दाबलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "ही बघा स्प्रिंग! वीस वर्षं लिफ्टच्या स्प्रिंगा बदलतोय मी. स्प्रिंग ताठ, तर आतला माणूस सुखरूप. ह्या डबीतल्यात काय आहे? एक स्क्रू आणि वर चकचकाट." दुकानदार काहीतरी सांगायला गेला, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं मला कागदात गुंडाळून दिलं. डबीतल्याकडे बघून मी जीभ दाखवली असती, पण मला जीभच नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. साऱ्या गावाच्या लिफ्टा नीट करणाऱ्याच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या लेकीला घरात सगळे ठमी म्हणत. ठमीनं मला चौथ्या फ्रेटजवळ, म्हणजे मानेवरच्या धातूच्या चौथ्या आडव्या पट्टीजवळ लावलं आणि तारा छेडल्या. तिची एक भुवई किंचित हलली. ती मी पाहिली, तिच्या बाबांनी नाही. मी तारा इतक्या जोरानं आवळल्या होत्या की त्या लाकडाकडे खेचल्या जाऊन सूर हवा त्याहून चढले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठमी वळली आणि म्हणाली, "बाबा, एकदम झकास!"

त्या दिवसापासून तिनं एक रीत पाडली. मला लावायचं, मग सहाही खुंट्या थोड्या थोड्या पिळून तारा उतरवायच्या, मग गायचं. गाणं झालं की मला काढायचं आणि खुंट्या परत जागेवर आणायच्या. बाबांनी एकदा विचारलं, "हे काय पिळत बसतेस गं सारखी?" तर म्हणाली, "कॅपो लावला की असं करावंच लागतं, बाबा." त्यांना ते पटलं. मैत्रिणीनं दुसरा कॅपो देऊ केला, तेव्हा ठमीनं मला मुठीत धरलं आणि म्हणाली, "नको, हा बाबांनी आणलाय." मित्रांनो, तीन वर्षं मी त्या घरात असा सुखात होतो. ती गायला लागली की आई कणीक मळता मळता थांबायची. काम झालं की ठमी न चुकता मला काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. म्हणून माझं रबर मऊ राहिलं.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. ठमी एक नवं गाणं जुळवत होती आणि एका ओळीवर अडून बसली होती. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "ठमे, दूध संपलंय गं. पटकन जाऊन ये ना." ठमीनं गिटार स्टँडवर टेकवली. मी मानेवर तसाच. "आई, आलेच!" असं ओरडून ती जिना उतरली. चपलांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला. पुढच्या वळणावर एक भरधाव गाडी आली. मी ते पाहिलं नाही. मी फक्त जिन्यावरून धावत वर येणारी दुसऱ्याच कुणाची पावलं ऐकली.

घर माणसांनी भरलं आणि काही दिवसांनी रिकामं झालं. जाता जाता ठमीच्या आत्यानं गिटार पिशवीत घालायला घेतली. तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा बाबा बोलले. "हात लावू नकोस तिला. तिनं ठेवलंय तसंच राहू दे." गिटार राहिली. मीही राहिलो, चौथ्या फ्रेटवर, सहाही तारांचा गळा आवळून.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून गेलं, खोली निवली, आणि गिटारची सगळ्यात बारीक तार एकटीच वाजली. टुंग.

आईच्या हातातून ताटली पडली. बाबा बाहेरच्या खोलीतून "आलो गं!" म्हणत धावत आले आणि दारात थबकले. खोलीत कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा टुंग. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, ते भूत मीच होतो. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी आकसायचं, तार माझ्या कडक होत चाललेल्या रबराखालून केसभर निसटायची आणि वाजायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अहो, ती नाही हो, मी आहे!" पण ज्याला तोंड फक्त आवळायला दिलंय, तो काय सांगणार?

बाबा एकदा त्या दुकानात गेले. तार आपोआप वाजते का, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी भलतंच विचारलं, "कॅपो लावल्यावर दरवेळी खुंट्या का पिळाव्या लागतात?" काय बोलणं झालं ते त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, म्हणून मला कळलं. दुकानदार म्हणाला होता, "पिळाव्या लागू नयेत. लागत असतील तर स्प्रिंग फार ताठ आहे. महागच घ्यायला हवा असं काही नाही, साहेब. मधल्या किमतीचाही उत्तम चालतो. फक्त गिटारला लावायचा, एकेक तार छेडून बघायची. सूर चढत नाही ना, तार खरखरत नाही ना, एवढंच."

"म्हणजे तीन वर्षं ती माझी चूक पिळत बसली होती," बाबा म्हणाले. "आणि मला झकास म्हणाली."

त्यांनी तो मखमली डबीतला महागडा कॅपो आणला होता. गिटारपुढच्या टेबलावर डबी उघडून ठेवली आणि म्हणाले, "ठमे, हा घे. आता पिळावं लागणार नाही." त्याला तिथून कुणी उचललं नाही. एवढा किमती, पण एक सूर त्याच्या वाट्याला आला नाही. त्याचा तोरा गेला होता. मला त्याची कीव आली.

पुढे बाबांनी संध्याकाळची कामं सोडली. पाचच्या ठोक्याला घरी यायचे, गिटारसमोर खुर्ची टाकून बसायचे. तार वाजली की मान हलवायचे. फोन वाजला तर बंद करून ठेवायचे. आईही त्या वेळी पदर तोंडाशी धरून दारात उभी असायची. घरात तिसरं माणूस असल्यासारखे ते दोघं हळू आवाजात बोलायचे. मी भुताचं काम करत होतो आणि मलाच रोज सहा वाजता धडकी भरायची.

मग एक दिवस बाबांच्या कामावरचे एक जोडीदार तीन जिने चढून धापा टाकत वर आले.

"काल किती फोन केले तुला! एक आजीबाई अडीच तास बंद लिफ्टमध्ये होत्या. त्या जुन्या लिफ्टचं तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. साहेब म्हणतात, पुन्हा असं झालं तर घरी बसवतील तुला. ते सोड रे. त्या आतून रडत होत्या, अंधारात."

बाबा खाली बघून म्हणाले, "सहाला मी इथं नसलो, तर तिला वाटेल, हाक मारतेय आणि कुणी ओ देत नाही."

जोडीदार चहा न घेता उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी मला दाबलं. मी जीव तोडून उघडायचा प्रयत्न केला, पण गंजलेली स्प्रिंग हलेना.

"अहो, इकडे या. ही तुमची स्प्रिंग मला उघडत नाही."

"राहू दे म्हटलं ना," बाबा खुर्चीतूनच म्हणाले.

"काय राहू दे? ती कधी असं ठेवून गेली होती का? रोज काढायची. त्या दिवशी मी दुधासाठी हाक मारली म्हणून राहिलं." आई बाबांकडे वळली. "तुम्हाला वाटतं ती तुम्हाला बोलावतेय. मला रोज काय ऐकू येतं माहितीये? आई, तू का हाक मारलीस? रोज सहा वाजता. मला आता सोसत नाही हो."

ही गोष्ट बाबांच्या ध्यानीमनीही नव्हती. ते उठले, जवळ आले, स्प्रिंगा ओळखणाऱ्या त्या अंगठ्यानं मला दाबलं. माझं रबर तारांना चिकटलं होतं, ते सुटताना सहाही तारा एकदम वाजल्या. इतक्या खालच्या सुरात ती गिटार त्या घरानं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. बाबांनी मला डबीतल्याच्या शेजारी ठेवलं आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी दोघंही गिटारसमोर बसले. सहा वाजले, सव्वासहा झाले. ऊन गेलं, खोली निवली. काही वाजलं नाही. बाबांनी सुस्कारा टाकला. मीही मनातल्या मनात टाकला. इतक्यात फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. बाबांनी एकदा गिटारकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"जा तुम्ही," आई म्हणाली. "मी आहे इथं."

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. पावलं पहिला जिना उतरली, दुसरा उतरली, तिसरा उतरली आणि ऐकू येईनाशी झाली.

आणि तार वाजली. टुंग.

मित्रांनो, मी तारेवर नव्हतो. मी टेबलावर पडलो होतो, उघडा, रिकामा. खुंटी सैल झाली असेल म्हणा, लाकूड सुटलं असेल म्हणा. इतके दिवस मीच सगळ्याचा उलगडा करत होतो, त्या संध्याकाळी मला एकही उलगडा सुचला नाही. आई उठली. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं तळहात तारांवर ठेवला आणि आवाज विरेपर्यंत ठेवून दिला. "आहे गं मी," ती म्हणाली.

बाबा आठ वाजता परतले. आतल्या चौघांना सुखरूप काढलं होतं. पायातली चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं, "वाजलं का काही?"

"नाही," आई म्हणाली आणि पानं घ्यायला वळली.

त्यानंतर बाबांनी कधी विचारलं नाही. ते पुन्हा संध्याकाळच्या कामांना जातात, आता जेवतातही बरे. आई रोज सहाला गिटारपाशी बसते, आणि लागलं तर हात ठेवते. हे फक्त तिला ठाऊक आहे, आणि मला.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. कॅपो महाग घ्या, स्वस्त घ्या, पण गिटारला लावून, कान देऊन घ्या. आणि वाजवून झालं की त्याला काढून ठेवत जा. रबराला खाचा पडत नाहीत, ते मऊ राहतं. कुणी कितीही घाईची हाक मारली तरी आधी कॅपो काढा, मग उठा. दोन क्षणांचं तर काम आहे. ते दोन क्षण ठमीनं त्या दिवशी माझ्यासाठी काढले असते, तर ती वळणावर पोहोचायच्या आत ती गाडी निघून गेली असती. आई-बाबांना हे अजून सुचलेलं नाही. कधी सुचू नये.