ओक-बुन मावशींचं मत

देशभरातल्या स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या. जनमत चाचणीचा आकडा टीव्हीवर झळकला तेव्हा मी बंदरावरच्या ओक-बुन मावशींच्या खानावळीत जेवत होतो. महापौरपदाचे उमेदवार प्यो साहेब पहिल्यांदाच मागे पडले होते. त्यांचा प्रचारप्रमुख मेंग दू-शिक शेजारीच सोजू दारूची बाटली घेऊन पीत बसला होता. तो ताडकन उठला.

"मावशी, चाचणीवाल्यांचा फोन तुलाही आला होता ना? कुणाचं नाव घेतलंस?"

"ते तुला कशाला सांगू? मत माझं आहे."

त्याने बाटली टीव्हीवर भिरकावली आणि मावशींचे केस धरून त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं. मी मध्ये पडलो, तर स्टूल घालून त्याने माझा हात मोडला. तेवढ्यात मावशींनी शेगडीवरचं उकळतं सूप त्याच्या पायांवर उपडं केलं. तो किंचाळत कोसळला.

रुग्णवाहिका येईपर्यंत मावशीच त्याच्या भाजलेल्या पायांवर गार पाणी ओतत राहिल्या. त्यांच्या भुवईतून रक्त गळत होतं.

"नाव सांगितलं असतंस तर..." तो कण्हला.

"तुझ्याच साहेबांचं घेतलं होतं, गाढवा," मावशी म्हणाल्या. "आता मत मात्र मिळायचं नाही."