शिवीची मालकी

ऑस्ट्रियात राजकारण बिअरच्या तंबूत शिजतं. त्यामुळे आमच्या लिंडाखचे महापौर ट्राटनिग यांनी बातमीदार रोस्विथाचा उद्धार तिथेच केला, याचं मला नवल वाटलं नाही. तिने त्यांच्या मेव्हण्याला मिळालेल्या पोहण्याच्या तलावाच्या कंत्राटाची लक्तरं आमच्या पेपरात टांगली होती.

व्यासपीठावरून त्यांनी बोट दाखवलं. "ती बघा, कॅमेऱ्याशेजारी बसलीय. गटारघूस!"

कॅमेरा माझा होता. अख्खा तंबू हसला. आमचा खाटीक हसला, माझा दंतवैद्य तर टेबल बडवत होता. त्याच आठवड्यात कुणीतरी रोस्विथाच्या दाराच्या कडीला मेलेली घूस बांधली. दार तिच्या लहान मुलीने उघडलं.

रोस्विथाने दावा लावला. तिला भरपाई नको होती. या माणसाने मला पुन्हा असं म्हणायचं नाही, एवढाच हुकूम हवा होता.

इकडे आमच्या संपादकाच्या, गेर्नोटच्या, अंगात शौर्य संचारलं. "ही शिवी आपणच मिरवायची! म्हाताऱ्याचं हत्यारच काढून घ्यायचं!" मग काय, कॉफीचे मग, पिशव्या, तान्ह्या बाळांची झबली, सगळ्यांवर 'गटारघूस' आणि दात काढणाऱ्या घुशीचं चित्र. कुणी नक्कल करू नये म्हणून शब्दाचा ट्रेडमार्कही पेपरच्या नावावर नोंदवून टाकला.

"गेर्नोट, निकाल लागेपर्यंत तरी थांब ना," रोस्विथा म्हणाली.

"अगं, हे तुझ्यासाठीच तर चाललंय!" म्हणत त्याने तिच्या हातात मग कोंबला. देशभरचे पत्रकार तो मग घेऊन फोटो काढून घेऊ लागले. निर्भीड म्हणे! तिच्या दारापाशी मात्र यातला एकही फिरकला नाही.

कोर्टात ट्राटनिगच्या वकिलाने फार घसा कोरडा केला नाही. त्याने न्यायाधीशबाईंपुढे एक झबलं पसरलं.

"बाईसाहेब, हिचाच पेपर हा शब्द बाळांच्या छातीवर छापून विकतो. सरकारदरबारी त्यावर मालकी सांगतो. शिवी कुणी अशी जिवापाड जपतं का?"

दावा फेटाळला गेला. ट्राटनिगची किळस करायची मला कधीचीच सवय झाली होती. त्या दिवशी आमचीच किळस आली.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ट्राटनिगने रोस्विथाला पाहून हॅट उचलली. "येतो हं, गटारघूसबाई!" दारावरचा पोलीस खुदकन हसला.

रोस्विथा पेपरच्या वकिलाकडे वळली. "ऐकलंत ना? शब्दाचे मालक आपण. मग आता तरी याला अडवा."

वकिलाने हनुवटी खाजवली. "त्यांनी तो कशावर छापलाय का?"

"छापला नाही. माझ्या तोंडावर म्हणाले."

"मग नाही जमायचं. टोपीवर, मगावर छापून विकला असता, तर उद्याच्या उद्या त्यांना कोर्टात खेचलं असतं. ट्रेडमार्क आपला एकदम पक्का आहे."

"म्हणजे आजच्या निकालाने मालाला काही धोका नाही?" गेर्नोटने विचारलं.

"अजिबात नाही."

"हुश्श!" गेर्नोट म्हणाला, तिच्यासमोरच.