समुद्राचा कंपाउंडर

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, ते आधीच सांगून ठेवतो," कंपाउंडर म्हणाले. "पण त्या उन्हाळ्यात खेकडे धक्क्याच्या पायऱ्या चढून आमच्या ऑफिसात आले. एकामागे एक, शिस्तीत. येऊन साहेबांच्या टेबलाखाली सावलीला बसले. साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, अर्ज आणलाय का?"

समोर बसलेल्या बाई हसल्या, पण त्यांचं बोट उघड्या वहीवरून हललं नाही. कंपाउंडरांच्या ते लक्षात आलं. एरवी खेकडे साहेबांच्या टेबलाखाली गेले की ऐकणारा आपलं काम विसरायचा. या बाई पक्क्या निघाल्या.

त्या एका संशोधन संस्थेतून आल्या होत्या आणि ही त्यांची तिसरी खेप. जेवणाच्या टेबलावर चौतीस वह्या रचल्या होत्या. वर्षाला एक, कापडी पाठीच्या, मीठ आणि डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास येणाऱ्या. बंदराचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं तेव्हा त्या रद्दीत निघाल्या होत्या. कंपाउंडर नेमके त्याच आठवड्यात निवृत्त होत होते. निरोपाची भाषणं संपल्यावर त्यांनी वह्या हातगाडीवर घातल्या आणि घरी आणल्या. बायकोने पलंगाखालच्या ट्रंकेतली पांघरुणं काढून त्यांना जागा केली. लोकांच्या घरी सवत येते, आपल्याकडे समुद्र आला, एवढंच काय ते ती म्हणाली होती.

आता ती खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

कंपाउंडर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बंदराच्या ऑफिसात साधे कारकून. पण रोज सकाळी सात वाजता धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या, दोरीला बांधलेली कॅनव्हासची बादली पाण्यात सोडायची, ती भरून वर घ्यायची, त्यात थर्मामीटर तीन मिनिटं धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम त्यांच्याकडे होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की मी समुद्राचा डॉक्टर आहे, रोज त्याचा ताप बघतो. त्यावर टपरीवाला म्हणाला, औषध देता येत नाही तो कसला डॉक्टर, कंपाउंडर म्हणा फार तर. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे टपालही त्याच नावाने यायला लागलं.

आणि थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा त्या सबंध किनाऱ्यावर कुणी नव्हता. एक म्हातारं कासव त्यांच्याकडे चष्म्याचा नंबर विचारायला आलं होतं. भरतीच्या पाण्याने एकदा त्यांच्या चपला नेल्या आणि ओहोटीने पॉलिश करून परत आणून दिल्या. लोक ऐकायचे, हसायचे, आणि त्यांनी काहीही सांगितलं तरी त्यातलं निम्मं आपल्या मनाने वजा करायचे. पावसाची शक्यता सांगितली तरी लोक छत्री घरी ठेवायचे.

फक्त वहीत त्यांनी कधी थाप मारली नाही. वहीच्या बाबतीत हा माणूस सोवळ्यातला. थर्मामीटर सावलीत धरायचा, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, दशांशापर्यंत लिहायचं. संशय आला तर बादली ओतून पुन्हा भरायची. दिवसभर जिभेला मोकळीक दिलेली, पण सातच्या ठोक्याला माणूस न्यायाधीश व्हायचा.

त्या वह्यांतूनच पहिल्यांदा त्यांना कळलं होतं, की पाणी हळूहळू तापतंय. वर्षाला केसाएवढं. त्यांनी टपरीवर सांगितलं, समुद्राला ताप चढतोय. टपरीवर हशा पिकला. कासवाच्या चष्म्यासारखीच हीही एक, असं म्हणून लोकांनी चहा संपवला. मग धक्क्याजवळची मासळी विरळ झाली आणि तिच्या जागी जेलीफिश यायला लागले, जाळी भरभरून, नुसता चिकट गिळगिळीत ताप. तरी कुणाला कंपाउंडरांचं बोलणं आठवलं नाही.

बाईंना नेमकं तेच हवं होतं. त्यांच्या संस्थेचं यंत्र पाण्यात उतरून बाराच वर्षं झाली होती. यंत्र म्हणत होतं पाणी ऊन आहे, पण कशाच्या मानाने ऊन, ते त्याला सांगता येत नव्हतं. धक्क्यापलीकडच्या खडकांवर एके काळी शिंपल्यांची काळी गोधडी पसरलेली असायची, खालच्या बाजूला तारामासे चिकटलेले असायचे. आता खडक उघडेबोडके होते. ते सगळं कुठल्या साली गेलं, किती तापलेल्या पाण्यात गेलं, याचा दाखला या चौतीस वह्यांखेरीज कुठे नव्हता. मात्र पहिल्याच भेटीत बाईंनी हळू आवाजात एक अट सांगितली होती. यातला एक आकडा जरी घरी बसून लिहिलेला निघाला, तरी त्यांचे वरिष्ठ सगळ्याच वह्या बाजूला ठेवतील.

तेव्हा कंपाउंडर छाती काढून म्हणाले होते, चौतीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

आणि आज बाईंचं बोट अकराव्या वर्षाच्या वहीवर होतं. उन्हाळ्यातल्या पानावर. म्हणून तर खेकड्यांना एवढ्या घाईने पायऱ्या चढाव्या लागल्या.

त्या उन्हाळ्यात कंपाउंडरांचा धाकटा भाऊ गेला. त्याची लहान होडी होती. कंपाउंडरांच्या कुठल्याही गोष्टीतलं निम्मं वजा न करणारा सबंध गावात तो एकटा. दादा म्हणतो ना, मग असेल, असं म्हणायचा, कासवाच्या बाबतीतही. त्या वर्षी जवळपास मासळी नव्हती. एका सकाळी धक्क्यावर त्याने विचारलं, आणि कंपाउंडरांनी वही बघून खरं ते सांगितलं, की इथलं पाणी तापलंय, मासळी गार पाण्याकडे गेली असणार, तुला लांब जावं लागेल. तो लांब गेला. एवढ्या लांब जायची ती होडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी होडी सापडली, तो सापडला नाही.

त्यानंतर कंपाउंडर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. सतरा दिवस. जेवण समोर आलं तर जेवले, नाही आलं तर नाही. अठराव्या दिवशी उठून ऑफिसात गेले, वही उघडली, आणि बघतात तो सतराही दिवसांचे आकडे भरलेले. अक्षर त्यांचं नव्हतं. आकडे तर भलतेच; त्या दिवशीची बादली तर नेहमीच्याच आकड्यावर आली होती. तोवर त्या पाण्याने कधी तीसच्या वर मजल मारलेली नव्हती, आणि इथे ३१.९, ३२.९, ३३.९ अशी चढण लागलेली. शेऱ्याचा रकाना रिकामा. ऑफिसात एक अबोल पहारेकरी होता, रिकाम्या रकान्यांवरून साहेबांनी विचारू नये म्हणून त्यानेच बसल्या जागी काहीतरी ठोकून दिलं असणार, असं कंपाउंडरांनी धरलं. विचारायची हिंमत झाली नाही. खोडायचीही झाली नाही. पहारेकरी पुढे बदलून गेला आणि वारला. म्हणजे तेवीस वर्षं पुढची नोकरी आणि वर चार वर्षं निवृत्तीची, हा माणूस टपरीवर जगभरच्या थापा मारत होता आणि आपल्या वहीत दुसऱ्याची एक थाप जपून बसला होता.

"काका, एक विचारते, रागावू नका," बाई म्हणाल्या. "या सतरा दिवसांतला नऊ वेगळा आहे."

त्यांनी दोन पानं शेजारी धरली. कंपाउंडरांचा नऊ शेपूट पोटाशी घेऊन बसलेला, मांजरासारखा. त्या सतरा दिवसांतला नऊ मात्र शेपूट खाली सोडून उभा होता, अगदी सुटसुटीत. आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी नसला तरी दिवसाआड कुठेतरी तो होताच.

कंपाउंडरांनी एक क्षणही घेतला नाही. पायरीवरून पाय घसरला, उजवा हात मोडला, तीन आठवडे गळ्यात होता, म्हणून डाव्या हाताने लिहिलं, असं त्यांनी सांगून टाकलं. डाव्या हाताच्या नऊची शेपूट अशीच येते. हवं तर कुठल्याही डावखुऱ्याला विचारा. हात मोडला तरी बादली चुकवली नाही, हेही वर जोडलं. त्यांच्या सगळ्या थापांत ही सगळ्यात किरकोळ होती, कारण तिच्यात एकही प्राणी बोलत नव्हता.

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. पेन तसंच धरून त्या म्हणाल्या, की हे सतरा दिवस खरे असतील तर सगळ्या वह्यांत तेच सर्वांत मोलाचे आहेत. शिंपले त्याच दिवसांत गेले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. एवढं ऊन पाणी जर खरंच आलं असेल, तर पायरीवर उभ्या माणसाला काहीतरी दिसल्याशिवाय राहिलं नसेल. मग शेऱ्याचा रकाना रिकामा कसा?

"तुम्ही तिथे होतात ना, काका? काय दिसलं?"

कंपाउंडरांनी तोंड उघडलं. पण खेकडे आले नाहीत, कासव आलं नाही. डोळ्यांपुढे नुसती भिंत आली, पलंगाशेजारची, पोपडे धरलेली. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा त्यांनी सांगितला असता.

"काय दिसणार," ते म्हणाले. "समुद्र नेहमीसारखाच होता."

"नेहमीसारखा नव्हता," बायको म्हणाली.

तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"हात वगैरे काही मोडला नव्हता, बाई. हे गेलेच नव्हते. भावजी गेले त्यानंतर सतरा दिवस हे इथे पडून होते. मी जात होते."

बाईंनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर बायकोकडे बघत होते.

मग ती सांगत गेली, थांबत थांबत, कुणी विचारलं तेवढंच. ऑफिसची किल्ली यांच्या शर्टाच्या खिशातच होती. पहारेकऱ्याला तिने सांगितलं, ते आजारी आहेत, त्यांनी मला पाठवलंय. बादली कशी सोडायची ते तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्न झाल्यापासून रोज जेवताना तेच तर ऐकत होती, सावलीत धरायचं, डोळा रेषेत आणायचा. हातात घड्याळ नव्हतं, म्हणून ती मनाशी एकशे ऐंशी आकडे मोजायची. पहिला ऊन आकडा आला तेव्हा तिचाही विश्वास बसला नाही. बादली ओतून तिने दोनदा पुन्हा भरली. तिन्ही वेळा तेच.

सहाव्या की सातव्या दिवशी ओहोटीला खडकांवरचे शिंपले उघडे दिसले. एखाददुसरा नव्हे, सगळेच्या सगळे, पातेल्यात वाफ दिल्यासारखे. वाऱ्याची झुळूक आली की ते एकमेकांवर वाजायचे. खालच्या पायरीवर एक तारामासा चिकटलेला होता. तिने पाय ठेवायला जागा हवी म्हणून त्याला हळूच बाजूला केलं, तर तो सरकला आणि त्याचा एक हात पायरीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिने ते हात गोळा करून पाण्यात सोडले. का सोडले ते तिला सांगता येणार नाही. घरात एक माणूस तसा पडलेला, आणि तिथे हे.

बाई आता भराभर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, की मग शेऱ्यात यातलं काहीच का नाही लिहिलं?

"आकडा तर थर्मामीटरचा असतो," ती म्हणाली. "शेरा मारायला नेमलेला माणूस लागतो. मला कुठे नेमलं होतं?"

बाईंनी आपल्या वहीतला एक कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे केलं. तिने कागद मांडीवर घेतला, हात पदराला पुसला आणि एक नऊ काढला. शेपूट खाली सोडून, सरळ उभा. कागद बाईंच्या हातात गेला, आणि त्यांनी तो अकराव्या वर्षाच्या पानाशेजारी ठेवला. दोन्ही नऊ बोटाने ताडून पाहिले. मग हे मला असंच्या असं लिहावं लागेल, तुमच्या दोघांच्या नावाने, असं म्हणाल्या. वरिष्ठ काय म्हणतील ते त्यांना आज सांगता येणार नव्हतं. पण बादली तीनदा भरणाऱ्या माणसाचा आकडा त्या स्वतः तरी सोडणार नव्हत्या.

कंपाउंडरांनी वही आपल्याकडे ओढली. चष्मा पुसला, पुन्हा घातला. सतरा ओळी त्यांनी बोटाने एकेक करून वरून खाली वाचल्या. त्या सकाळी सात वाजता, आपण भिंत मोजत होतो तेव्हा, घरातून कुणीतरी बाहेर जात होतं आणि तासाभराने परत येत होतं, हे त्यांना आता आठवायला लागलं. दाराची कडी वाजल्याचं. ओल्या पायांचं. बाजारातून आली असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

"सांगितलं का नाहीस कधी?" त्यांनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात," ती म्हणाली. तिने अभ्रा पुन्हा मांडीवर ओढून घेतला होता आणि सुई शोधत होती. "वही तुमचीच. रोज उघडत होतात. मला वाटलं, माझा नऊ तुम्ही ओळखला असेल."

कंपाउंडरांनी पान मिटलं नाही.

"ओळखला होता की," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"खोटं," ती म्हणाली.