डाव्या फळीची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. बसायची आणि लिहायचीही. माझ्या हातावर छोटी फळी आहे, तिच्यावर कागद ठेवून मुलं परीक्षा देतात. अशा खुर्च्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पण माझ्याकडे जरा नीट बघा. माझी फळी डाव्या बाजूला आहे.

हे कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्या कारखान्यात मी झाले तिथला वेल्डर नुकताच जेवून आला होता, डोळ्यांवर झापड होती. त्यानं माझा सांगाडा उलटा धरला आणि फळीचा पाईप भलत्या बाजूला जोडून टाकला. मिस्त्रीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ही कुणासाठी केलीस? आरशातल्या माणसासाठी?"

सगळे हसले. वेल्डरही हसला. पण टेम्पो दारात उभा होता आणि एक खुर्ची कमी पडत होती, म्हणून मलाही चढवलं. लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढे, कुणी बघेनासं झालं तेव्हा.

मला आणलं ते एका क्लासच्या हॉलमध्ये. प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास होता. बाहेर मोठी पाटी होती, 'दर रविवारी मोफत सराव परीक्षा'. मुलं लोटायची. कुणी चुकून माझ्यावर बसायचं, उजवा हात टेकायला जायचं, हात हवेतच राहायचा. मग "ही मोडकी आहे" म्हणून उठायचं. मी मोडकी नव्हते हो. पण सांगणार कसं?

शेवटी तिथल्या शिपायानं, सगळे त्याला मामा म्हणत, मला भिंतीकडे कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर फरशी पुसायची बादली ठेवायला सुरुवात केली. हॉल भरलेला असायचा आणि मी बादली घेऊन बसलेली.

कोपऱ्यातून काचेच्या दारापलीकडचं काउंटर दिसायचं. तिथे एक ताई बसायच्या. परीक्षा झाली की घरोघरी फोन लावायचं काम त्यांचं. "मुलगा हुशार आहे हो, पण थोडक्यात हुकतंय. आमचा कोर्स केलात तर नक्की होईल." ज्याचा पेपर सुरेख गेला त्याच्या घरी हेच, आणि ज्यानं अर्धा कोरा ठेवला त्याच्याही घरी हेच. फोन ठेवल्यावर ताई थोडा वेळ तशाच बसायच्या, हात फोनवर ठेवून.

एकदा मामांनी विचारलंच. "ताई, सगळ्यांचंच कसं थोडक्यात हुकतं?"

"मामा, जास्त हुकलं म्हटलं तर ते येत नाहीत. हुकलं नाही म्हटलं तरी येत नाहीत."

मग एका रविवारी एक मुलगी उशिरा आली. धापा टाकत. एकही खुर्ची रिकामी नव्हती. मामांनी बादली उचलली, फडक्यानं मला पुसलं आणि म्हणाले, "ही एवढीच आहे बघ. जरा विचित्र आहे."

ती बसली. पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि कोपर माझ्या फळीवर टेकवलं. काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फळीवर कुणाचा तरी हात विसावला होता. मी जराही करकरले नाही. श्वास रोखून बसतात तशी बसले.

घंटा व्हायच्या आधीच तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि काहीतरी विसरल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली. पेपर गोळा करायला मामा आले.

"मामा, माझा पेपर पूर्ण झाला."

"मग? होतोच की सगळ्यांचा."

"माझा नाही होत," ती म्हणाली.

आदल्या वर्षी खऱ्या परीक्षेत तिचं शेवटचं पान राहिलं होतं. तिला नर्सिंगच्या कॉलेजात जायचं होतं. घरचे म्हणाले, पोरगी मंद आहे. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. आता एकच संधी उरली होती. यंदा नंबर लागला नाही तर वडिलांच्या चाव्यांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

त्यानंतर ती दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची आणि सरळ कोपऱ्यात माझ्याकडे यायची. मामा तिला डावरीबाई म्हणू लागले. पुढच्या रांगेतला एक जाडा मुलगा चिडवायचा, "आल्या राणीसाहेब, सिंहासनावर!"

"तुला बसायचंय? बस ना," ती म्हणायची. "मग बघू, उत्तरांचे गोल रंगवताना तुझी पेन्सिल कुठे कुठे जाते ते."

माझे ते दिवस फार सुखाचे होते. बादली जिन्याखाली गेली होती. पुढच्या रविवारची मी वाट बघायची.

मग एक दिवस ताईंनी तिच्या वडिलांना बोलावलं. साधा माणूस. बोटांत लोखंडाचा कीस रुतलेला. ताई आपलं ठरलेलं बोलल्या, मुलगी हुशार आहे, थोडक्यात हुकतंय. वडिलांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "फीसाठी चाव्या कापायचं मशीन विकतो. कानसीनं घासून करीन. पूर्वी करतच होतो."

मुलगी काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मामांना विचारलं, "मामा, खऱ्या परीक्षेला अशी खुर्ची मिळते का हो?"

"अगं, इथेच ती चुकून आलीय."

"मागच्या वर्षी मी मागितली होती. ते म्हणाले, नंबर असेल तिथे गुपचूप बस." ती वडिलांकडे वळली. "बाबा, मशीन विकू नका. एक रविवार थांबा."

पुढच्या रविवारी ती आली, माझ्याजवळ थांबली, खांद्यावरची पिशवी माझ्यावर ठेवली आणि जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसली. उजव्या फळीच्या. मला वाटलं, काहीतरी चुकतंय, आत्ता परत येईल. नाही आली. तिचं सगळं अंग पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखं वळलं होतं. डावं कोपर हवेत लोंबत होतं. घंटा झाली तेव्हा शेवटचं पान कोरंच होतं.

काउंटरवर वडील उभे होते. ताईंनी मार्क बघितले आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, मला उत्तरं येतात. हात पोचत नाही. हाताचा कोर्स आहे का तुमच्याकडे?"

ताई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग दाराकडे एक नजर टाकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाही गं. पण परीक्षा मोफतच आहे ना? दर रविवारी ये आणि त्या उजव्या फळीच्याच खुर्चीवर बस. फोनवर मी जे सांगते त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. पेपर घरी ने, चुकलंय काय ते बघ."

वडिलांनी डोळे पुसले. "मशीन राहू देऊ ना मग?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून ती येई, पिशवी माझ्यावर ठेवी आणि पलीकडे जाऊन बसे. कधी कागद आडवा धरून बघे, कधी खुर्चीतच तिरकी होई, कधी फळीच्या कडेशी मांडी वर उचलून तिच्यावर कोपर टेकवी. सगळे तिच्याकडे बघून हसत. मी तिची पिशवी धरून बसायची. खरं सांगते, मनातून वाटायचं की तिनं दमावं आणि माझ्याकडे परत यावं. माझं काय चुकत होतं? आपण कुणाला तरी हवं असावं, असं कुणाला नाही वाटत?

पण एका रविवारी तिनं शेवटचं पान उलटलं, शेवटचा गोल रंगवला आणि पेन्सिल ठेवली. घंटा व्हायची होती अजून. या वेळी तिनं इकडेतिकडे बघितलं नाही. मी ओळखलं, आता हिला माझी गरज नाही. आणि गंमत बघा, मला आनंदच झाला. थोडं रडायलाही आलं, पण लाकडाला कुठलं रडू.

खरी परीक्षा झाली. रविवार येत राहिले, पिशवी आली नाही. मग क्लासनं सराव परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. खुर्च्या एकीत एक घालून माळ्यावर रचून टाकल्या. माझी फळी आडवी येत होती. मी कुणातच बसेना. मामांनी दोनदा खटपट केली, मग मला जिन्याच्या वळणावर आणून ठेवलं. अजून तिथेच आहे.

एकदा ती आली. वडील बरोबर होते. वर चढताना मामा भेटले.

"काय डावरीबाई, लागला नंबर?"

"लागला."

"थोडक्यात?"

"अगदी थोडक्यात!" ती म्हणाली, आणि तिघं इतके हसले की ताई वरून डोकावल्या.

जाताना ती माझ्यावर टेकली. मामा म्हणाले, "घेऊन जा गं हिला. इथे धूळ खातेय."

"कुठे ठेवू मामा? होस्टेलमध्ये एक खाट आणि कपाट, संपलं." मग तिनं तळहातानं माझ्या फळीवरची धूळ पुसली. सावकाश, कडेपर्यंत. आणि उठून गेली.

आता जिन्यावरून मुलं वर जातात, खाली येतात. खाली येताना एकमेकांना विचारतात, या फुकटच्या परीक्षांचा काही उपयोग असतो का रे? मला कुणी विचारत नाही, पण मी सांगते. असतो. जरूर द्या. फोनवर काय सांगतात ते फोनवरच राहू द्या, आणि चुकलेला पेपर घरी न्या. आपलं नेमकं कुठे अडतंय ते त्यात दिसतं. कुणाचं गणितात अडतं, कुणाचं कोपरात.

आणि तुमच्यात कुणी डावखुरं असेल तर वळणावर जरा थांबा. माझ्यावर एकदा बसून बघा, आपण मंद नाही एवढं कळेपर्यंत. मग उठा आणि वर जा.

पिशवी मात्र माझ्याकडे ठेवून जा.